ओतलेल्या शिशाच्या गोळीचं ब्रिनेल घरच्या घरी कसं काढायचं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीत ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा पहिलं काम मिळालं ते बिडाच्या तुकड्यांचं ब्रिनेल, म्हणजे धातूच्या कडकपणाचा आकडा, काढायचं. १० मिलिमीटरचा पोलादी छर्रा, ३००० किलोचा भार, मग उमटलेला खड्डा भिंगातून मोजायचा आणि तक्त्यात बघून आकडा लिहायचा. दिवसाला तीस-चाळीस तुकडे व्हायचे. फोरमनमामा मागून येऊन म्हणायचे, "गडबडीनं वाचलेला आकडा रजिस्टरला चढवू नगंस, परत मलाच काढाय लागतोय."

आता पेनसिल्व्हेनियात गॅरेजमध्ये बसून तेच करतो. छर्रा ५/३२ इंचाचा, भार जेमतेम २७ किलो, आणि खाली बिडाऐवजी स्वतः ओतलेली शिशाची गोळी. रिव्हॉल्व्हर आणि जुन्या धाटणीच्या रायफलीसाठी गोळ्या घरी ओतणाऱ्यांची इथे मोठी जमात आहे आणि गेल्या काही वर्षांत आपली मराठी मंडळीही त्यात दिसू लागली आहेत. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे "माझं शिसं किती कडक आहे ते कसं कळणार?" त्याचं हे उत्तर.

आधी कायद्याचं. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला केंद्राचा परवाना लागत नाही, विकायच्या असतील तर लागतो. राज्याराज्यांचे वेगळे नियम असतात, ते बघून घ्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याचे सुटे भागसुद्धा दारूगोळ्यातच धरले आहेत, तेव्हा तिथे परवान्याशिवाय हा उद्योग म्हणजे सरळ गुन्हा. तिकडच्या वाचकांनी हे धातूपुरतं वाचावं. छापखान्याचे जुने खिळे किंवा जाळ्याला लावायची शिशाची वजनं तपासायलाही याच रीती चालतात.

कडकपणा हवा कशाला?

दारू पेटली की गोळीच्या बुडावर एकदम दाब येतो. शिसं त्या दाबाच्या मानाने फार मऊ असेल तर ते नळीतले आटे (आतले पीळदार चर) नीट धरत नाही, घसटत जातं आणि नळीत शिशाचा थर बसतो. नेम बिघडतो आणि मग रविवारची दुपार ब्रश आणि तांब्याच्या जाळीने नळी खरवडण्यात जाते. हे सगळ्यांना माहीत असतं. उलटी बाजू कमी लोकांना ठाऊक असते. गोळी फार कडक असेल आणि मापाला जराशी बारीक असेल, तर तिचं बूड दाबाखाली फुगून नळीला चिकटत नाही. गरम वायू कडेने निसटतो, जाताना गोळीची कड वितळवतो आणि पुन्हा नळीत शिसंच बसतं. नवखा माणूस थर दिसला की म्हणतो, "अजून कडक करू." आणखी कडक करतो, थर आणखी वाढतो.

म्हणून कडकपणा तपासण्याआधी मायक्रोमीटरने गोळीचा व्यास मोजा. नळीच्या आट्यांच्या तळापर्यंतच्या व्यासापेक्षा गोळी साधारण एक हजारांश इंच जाड हवी. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून ती हलकेच ढकलून बाहेर यायला हवी, आपोआप गळून पडता कामा नये. माप चुकलेलं असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

माप बरोबर असेल तर साधारण कुठे काय लागतं ते सांगतो. ठासणीच्या बंदुकीत कापडात गुंडाळून घालायच्या गोल गोळीला निव्वळ शुद्ध शिसं, म्हणजे ५ ब्रिनेल. .३८ स्पेशल आणि .४५ ऑटो या काडतुसांना ९ ते १२. मॅग्नम रिव्हॉल्व्हरला ११ ते १६. बुडाला गॅस चेक म्हणतात ती तांब्याची टोपी लावून रायफलीतून जोरात मारायची गोळी असेल तर १५ ते २२. .४४ मॅग्नम १९५५ साली आलं ते ज्याच्या पाठपुराव्यामुळे, तो एल्मर कीथ एक भाग कथिलाला सोळा भाग शिसं एवढ्याच मिश्रणाने काम भागवायचा. त्याचं ब्रिनेल ११च्या आसपास येतं. दुकानात '२२ ब्रिनेल' असं ठसठशीत छापलेली डबी बघितली की मला कीथ आठवतो.

इथल्या मंडळींचा एक ठोकताळा आहे: काडतुसाचा कमाल दाब भागिले १४२२, म्हणजे लागणारं ब्रिनेल. हा १४२२ काही जादूचा आकडा नाही. ब्रिनेलचं एकक किलो प्रति चौरस मिलिमीटर, आणि असा एक किलो म्हणजे १४२२ पौंड प्रति चौरस इंच, एवढंच ते एककांचं रूपांतर आहे. .३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,००० पौंड, म्हणजे १२ ब्रिनेल. .४५ ऑटोची २१,०००, म्हणजे जवळजवळ १५. प्रत्यक्षात .४५ला १०-११ ब्रिनेलचं शिसं वर्षानुवर्षं झकास चालतं. तेव्हा हा ठोकताळा दिशा कळण्यापुरता. आणि दारू किती भरायची हे छापील मॅन्युअलवरूनच ठरवायचं, ब्रिनेलवरून नाही.

शिसं येतं कुठून

आकडा काढण्यापूर्वी अंदाज पाहिजे, नाहीतर चुकीचा आकडा चुकीचा आहे हेच कळत नाही. हे जवळपासचे आकडे पाठ असू द्या:

शुद्ध शिसं: ५
टायरच्या रिमला आतून चिकटवायची पट्टीवाली वजनं: ५ ते ६
रिमच्या कडेला ठोकायची क्लिपवाली वजनं: ९ ते १२
एक भाग कथील, वीस भाग शिसं: १०
लायमन नंबर २ हे ठरीव मिश्रण (शिसं ९०, कथील ५, अँटिमनी नावाचा धातू ५ टक्के): १५
लायनोटाइप (शिसं ८४, अँटिमनी १२, कथील ४ टक्के): २२
मोनोटाइप (शिसं ७२, अँटिमनी १९, कथील ९ टक्के): २८

शेवटचे दोन म्हणजे छापखान्याचा धातू. माझ्या काकांचा सांगलीला ट्रेडल प्रेस होता. तिथले झिजलेले खिळे आम्ही पोरं खिशात घालून फिरायचो आणि आईचे धपाटे खायचो. त्या खिळ्यांना नखाने ओरखडा उठत नसे आणि हातातून फरशीवर पडले की टणकन वाजत. दोन्ही अँटिमनीमुळे, हे मला खूप नंतर कळलं. कथील शिशाला थोडंसं कडक करतं, पण त्याचं मुख्य काम वेगळं: वितळलेला धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट पसरतो. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर कथील फिरवायचा तेव्हा ते कसं सर्रकन पसरायचं, तोच गुण.

क्लिपवाली वजनं पूर्वी टायरच्या दुकानातून बादलीने मिळायची. कॅलिफोर्नियाने २०१०पासून शिशाची वजनं बंद केली, पुढे आणखी राज्यांनी तेच केलं. आता बादलीत निम्मी वजनं जस्ताची किंवा लोखंडाची निघतात. जस्ताची गोष्ट शेवटी सांगतो, कारण तिने माझी आठ लगडी वाया घालवली.

नमुना तयार करणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि यंत्र कितीही भारी आणलं तरी त्या दुरुस्त होत नाहीत.

पहिली चूक घाईची. अँटिमनी आणि किंचित आर्सेनिक असलेलं शिसं ओतल्यानंतर कडक होत जातं. क्लिपवाल्या वजनांत दोन्ही असतात. संध्याकाळी ओतलेली गोळी रात्री तपासली तर एक आकडा येतो, दोन आठवड्यांनी त्याच घाण्यातली दुसरी गोळी तपासली तर वेगळाच. साच्यातून गरमागरम गोळी थेट पाण्याच्या बादलीत टाकली असेल तर हा फरक फारच मोठा. हवेत थंड केली तर ११-१२वर थांबणारी गोळी पाण्यात टाकल्यावर पंधरवड्यात १८-२०च्याही वर जाते. नुसतं शिसं आणि कथील असेल तर हा प्रकार होत नाही.

त्यामुळे माझा नियम असा. हवेत थंड केलेली गोळी दुसऱ्या दिवशी एकदा आणि १५ दिवसांनी एकदा. पाण्यात टाकलेली फक्त १५ दिवसांनी. वहीत आकड्याच्या शेजारी ओतल्याची तारीख आणि तपासल्याची तारीख दोन्ही लिहायच्या. तारखेशिवायचा आकडा मी स्वतःचासुद्धा मानत नाही.

दुसरी चूक पृष्ठभागाची. खड्डा सपाट जागेवर पडायला हवा. गोळीच्या नाकावर किंवा बाजूला बारीक कानशीने छोटी सपाट जागा करा, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्यावर दोन-तीन वेळा हलकेच फिरवा. जोरात घासायचं नाही. ठोकलेल्या किंवा दाबलेल्या जागेचा कडकपणा बदलतो. सायझरमधून (गोळी दाबून नेमक्या मापाला आणायच्या साच्यातून) काढलेल्या गोळीची बाजू म्हणूनच तपासू नये, नाक तपासावं.

तिसरी जागेची. खड्ड्याच्या मध्यापासून नमुन्याची कड खड्ड्याच्या व्यासाच्या अडीच पट तरी लांब हवी, नाहीतर कडेचं शिसं बाहेर सरकतं आणि धातू आहे त्याहून मऊ वाटतो. .३५८ इंची गोळीच्या बुडावर दीड मिलिमीटरचा खड्डा मधोमध घेतला तर हिशेब जेमतेम बसतो. दोन खड्डे एकमेकांना खेटून घेऊ नका.

एक गोष्ट फार कमी जण करतात: शक्यतो लगड तपासू नका, गोळी तपासा. लगड जाड असते, सावकाश निवते. त्याच शिशाची गोळी साच्यात पटकन गोठते. दोघांचा आकडा एक येईलच असं नाही.

कानशीचा कीस हा शिशाचा कीस आहे. ओल्या पेपर टॉवेलने टिपून वेगळ्या डब्यात टाका, फुंकर मारून उडवू नका. तपासणी चालू असताना चहा, फरसाण, मोबाइल काहीही जवळ नको, आणि उठल्यावर गार पाणी आणि साबणाने हात धुतल्याशिवाय घरात जायचं नाही. मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी इथलं आरोग्य खातं लक्ष घालतं. घरात लहान मूल असेल तर गॅरेजच्या चपला गॅरेजमध्येच राहू द्या.

नख आणि आवाज

अंगठ्याच्या नखाने ओरखडा काढा. खोल आणि सहज उठला तर शिसं शुद्धच्या जवळ. मुश्किलीने पुसट रेघ उठली तर १०च्या आसपास. काहीच नाही तर त्यापुढचं. सिमेंटच्या जमिनीवर हातभर उंचीवरून लगड टाका: मऊ शिसं 'धप्प' करतं, अँटिमनीवालं खणखणतं. अनोळखी ढीग दोन बादल्यांत वाटायला एवढं पुरतं. याचा आकडा मागू नका.

पेन्सिली

रंगाच्या कारखान्यात वाळलेल्या रंगाचा थर पेन्सिलींनी तपासायची जुनी रीत आहे, तीच इथे शिशाला लावली आहे. खर्च दहा-पंधरा डॉलर आणि मनापासून केलं तर एक-दोन ब्रिनेलपर्यंत अंदाज येतो. चित्रकलेच्या ६बीपासून ३एचपर्यंतच्या एकाच कंपनीच्या पेन्सिली घ्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्यांच्या घरी अजून असतील.

शार्पनर वापरायचा नाही. ब्लेडने नुसतं लाकूड सोलायचं, पाव इंच शिसपेन्सिलीची कांडी अख्खी उघडी ठेवायची. मग पेन्सिल सरळ उभी धरून टोक पॉलिश पेपरवर घासायचं, म्हणजे टोकाला सपाट वर्तुळ होतं आणि त्याची कड धारदार राहते. सगळा खेळ त्या कडेचा आहे. एकदा ढकलली की कड गेली. पुन्हा घासल्याशिवाय दुसरी ओढ घ्यायची नाही.

गोळीची सपाट जागा वर करून ती टेबलावर पक्की धरा. पेन्सिल ४५ अंशांत धरून आपल्यापासून दूर, समोर ढकला. लिहिताना ओढतो तसं नाही, सुताराचा रंधा चालतो तसं. मऊ पेन्सिल असेल तर तिचं टोक चुरगळतं आणि शिशावर नुसता काळा डाग राहतो, तो बोटाने पुसला जातो. एकेक पायरी कडक पेन्सिल घेत चला. एक पेन्सिल अशी येते की घसरण्याऐवजी ती शिशात रुतते आणि पुढे शिशाचा बारीकसा काप उचलते. हाताला लगेच कळतं, अडखळल्यासारखं होतं. काप उचलणारी ही पहिली पेन्सिल म्हणजे तुमचं उत्तर.

साधारण असं जुळतं: ६बी म्हणजे ४-५, ५बी ७-८, ४बी ९, ३बी १०, २बी ११-१२, बी १३, एचबी १४-१५, एफ १६-१८, एच २०-२२. हा तक्ता मात्र वेदवाक्य नाही. एका कंपनीची २बी दुसऱ्या कंपनीच्या ३बीसारखी असू शकते. मी पुण्याहून आणलेला संच आणि इथे घेतलेला संच एकाच गोळीवर एका पायरीचा फरक दाखवतात. म्हणून पहिल्यांदा ओळखीच्या तीन धातूंवर पेन्सिली चालवून स्वतःचा तक्ता बनवा: खात्रीचं शुद्ध शिसं, विकत घेतलेलं लायमन नंबर २ आणि लायनोटाइपची एखादी पट्टी. मग त्या संचातली एखादी पेन्सिल संपली तरी त्याच कंपनीची आणायची.

व्हाइसमधला छर्रा

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती ही रीत, कारण यात भार मोजावाच लागत नाही. बेअरिंगचा एक गुळगुळीत छर्रा घ्या, १० ते १२ मिलिमीटरचा. शुद्ध शिशाचा सपाट तुकडा एका बाजूला, तपासायचा तुकडा दुसऱ्या बाजूला, मध्ये छर्रा, आणि हे सँडविच व्हाइसच्या जबड्यात सावकाश आवळा. दोन्ही तुकड्यांवर भार तोच आणि वेळही तीच. फक्त खड्डे वेगळ्या मापाचे पडतात. अर्ध्या मिनिटाने सोडा आणि दोन्ही खड्ड्यांचे व्यास व्हर्नियरने मोजा.

ओळखीच्या तुकड्याच्या खड्ड्याचा व्यास भागिले अनोळखी खड्ड्याचा व्यास, त्याचा वर्ग, गुणिले ओळखीच्या तुकड्याचं ब्रिनेल. समजा शुद्ध शिशावर ५ मिलिमीटरचा खड्डा पडला, दुसऱ्यावर ३.३ मिलिमीटरचा. ५ भागिले ३.३ म्हणजे १.५१५, त्याचा वर्ग २.३. शुद्ध शिशाचे ५ धरले तर उत्तर ११.५. क्लिपवाल्या वजनांना शोभेसं.

तुकडे पुरेसे जाड हवेत, पाठीमागे फुगवटा दिसला तर माप बाद. मोठा खड्डाही छर्र्याच्या व्यासाच्या अर्ध्याच्या आत राहू द्या. ही रीत गोळीपेक्षा लगडीला सोयीची आहे. गोळी जबड्यात सरळ बसत नाही आणि खड्डा तिच्या मानाने फार मोठा होतो. त्यामुळे मी बिस्किटाएवढ्या चपट्या चकत्या ओतून ठेवतो, गोळ्या ओततानाच, त्याच भांड्यातून. आणि ओळखीचा तुकडा खरंच शुद्ध असला पाहिजे. तो ५ऐवजी ६ ब्रिनेलचा निघाला तर तुमचे सगळेच आकडे सतरा-एक टक्क्यांनी कमी येतात, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

ली कंपनीचा टेस्टर

बहुतेकांकडे शेवटी हाच येतो. रिलोडिंग प्रेसवर (काडतुसं पुन्हा भरायच्या हाताच्या यंत्रावर) डायच्या जागी स्प्रिंगवाला छर्रा बसतो आणि खाली रॅमवर गोळी ठेवायला व्ही-आकाराची बैठक. छर्रा ५/३२ इंच, भार ६० पौंड. सोबत २० पटींचा छोटा दुर्बीणवजा मायक्रोस्कोप, त्याच्या आत रेघांची पट्टी.

१. तयार केलेली गोळी, सपाट जागा वर करून, बैठकीत ठेवा. डगमगत असेल तर आत्ताच नीट करा.

२. हँडल हळूहळू खाली आणा. वरच्या भोकातून एक दांडी वर येते. दांडीचं टोक वरच्या पृष्ठभागाशी समपातळीला आलं की ६० पौंड पडले. तिथेच थांबायचं.

३. घड्याळ लावून ३० सेकंद धरा. शिसं दाबाखाली सरकत राहतं, त्यामुळे दहा सेकंद आणि तीस सेकंद यांचा खड्डा सारखा नसतो. हात थरथरतो. मी हँडलच्या टोकाला पाण्याने भरलेली बाटली टांगतो आणि पाणी कमी-जास्त करून तोल साधतो. आता हाताने नुसती राखण करायची.

४. खड्डा मोजा.

या चौथ्या पायरीवर थांबूया, कारण बहुतेकांचा इथेच घोटाळा होतो. मायक्रोस्कोप हातात धरला की प्रतिमा नाचते आणि माणूस कंटाळून 'साधारण सहासष्ट' लिहून मोकळा होतो. लाकडाच्या ठोकळ्याला मायक्रोस्कोपच्या जाडीचं भोक पाडा, तो उभा खोचा, आणि खाली गोळी प्लास्टिसिनच्या गोळ्यात बसवा. प्लास्टिसिनमुळे ती हवी तशी किंचित तिरकी करून समतल करता येते. प्रकाश वरून नको. टॉर्च कडेने, जवळजवळ आडवा धरा. वरून उजेड पडला की खड्डा चकाकता डाग दिसतो आणि त्याची कड सापडत नाही. आडव्या उजेडात एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली पडते आणि खड्ड्याभोवती बाहेर उचललेल्या शिशाची पुसट वरंबी दिसते. मोजायचं ते वरंबीच्या आतल्या काठापासून काठापर्यंत. वरंबी धरून मोजलंत तर गोळी आहे त्याहून मऊ ठरते.

आडवं माप घ्या, मग गोळी पाव फिरवून उभं घ्या. परवाच्या माझ्या गोळीचं एक आलं ०.०६६ इंच, दुसरं ०.०६४. सरासरी ०.०६५, म्हणजे १२.१ ब्रिनेल. दोन मापांत चार हजारांशाहून जास्त फरक आला तर सपाट जागा सपाट नव्हती. गोळी टाकून दुसरी घ्या.

तक्ता कंपनी देते, पण हिशेब साध्या सूत्राने येतो, त्यामुळे नेहमीचे आकडे इथेच देतो:

खड्डा ०.०५० इंच: २०.९
०.०५६: १६.६
०.०६०: १४.३
०.०६४: १२.५
०.०७०: १०.४
०.०९०: ६.०
०.१००: ४.७

यात एक गोष्ट बघा. १२-१३च्या आसपास दोन हजारांशाची चूक म्हणजे पाऊण ब्रिनेलची चूक. २०च्या आसपास तेवढ्याच चुकीने दीड-पावणेदोन ब्रिनेल हलतं. कोणी सांगू लागला की त्याची गोळी २१.४ आहे, तर त्यातला '.४' हसण्यावारी न्यावा. मी प्रत्येक घाण्यातल्या तीन गोळ्या तपासतो आणि सरासरी पूर्णांकातच लिहितो.

महाग टेस्टरही आहेत. सेकोच्या टेस्टरवर ब्रिनेल येतच नाही, स्वतःची वेगळी पट्टी आहे: शुद्ध शिसं शून्य, लायनोटाइप दहाच्या जवळ. मायक्रोस्कोप नाही, त्यामुळे डोळ्यांवर ताण नाही. ज्यांची नजर पन्नाशीनंतर साथ देत नाही त्यांनी त्याचा विचार करावा. दोन घाणे एकमेकांसारखे आहेत की नाहीत एवढंच कळणं पुष्कळदा पुरतं, आणि तो प्रश्न ती पट्टी चोख सोडवते.

आकडा आला, पुढे?

हवं तेवढं कडक नसेल तर लायनोटाइप मिसळा. इथल्या ओतणाऱ्यांत एक सूत्र फिरतं: ८.६, अधिक कथिलाच्या टक्केवारीचे ०.२९ पट, अधिक अँटिमनीच्या टक्केवारीचे ०.९२ पट. १० किलो मऊ शिशात २ किलो लायनोटाइप घातलं तर मिश्रणात अँटिमनी २ टक्के आणि कथील पाऊण टक्क्याहून किंचित कमी होतं. सूत्राप्रमाणे १०.६. लायमन नंबर २ला लावून बघा, १४.७ येतं, छान जुळतं. पण शुद्ध शिशाला लावलं तर ८.६ येतं, जे साफ चूक आहे. म्हणजे अगदी मऊ टोकाला हे सूत्र आकडा फुगवतं. हिशेबाने मिसळा, ओता, १५ दिवस थांबा आणि मोजूनच विश्वास ठेवा.

वजनकाटाही साक्षीदार म्हणून वापरा. शिशाची घनता ११.३४, अँटिमनीची ६.७, कथिलाची ७.३. एकाच साच्यातली गोळी जितकी हलकी, तितकं त्यात या दोघांचं प्रमाण जास्त. ब्रिनेल वाढलं पण वजन तेवढंच राहिलं, तर कडकपणा मिश्रणाने आलेला नाही. ती गोळी बहुधा पाण्यात पडलेली आहे.

आणि वजन उतरलं, ब्रिनेल चढलं, पण गोळ्यांच्या कडा गोलसर आणि अंग सुरकुतलेलं, तर संशय जस्ताचा. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ४२० अंशांना. वजनं वितळवताना थर्मामीटर लावून ३७० अंशांच्या खाली राहिलात तर जस्ताची वजनं वर तरंगत राहतात, झाऱ्याने काढून टाकता येतात. संशयित वजनावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला की जस्त फसफसतं, शिसं गप्प बसतं. अ‍ॅसिड टाकायचं ते थंड वजनावर, भांड्यापासून लांब. आणि वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही फिरकू देऊ नका. ओलं वजन शिशात बुडलं तर त्याची वाफ सगळं शिसं भांड्याबाहेर उडवते.

माझं झालं ते असं. एका टायरच्या दुकानातून अर्धी बादली आणली, थर्मामीटर शोधायचा कंटाळा केला आणि शेगडी मोठी ठेवली. वर दाटसर खीर जमल्यासारखं झालं. ती मळी समजून ढवळत बसलो. आठ लगडी झाल्या. ब्रिनेल काढलं तर एकीचं १३, दुसरीचं १७, तिसरीवर दोन खड्डे घेतले तर दोन वेगळे आकडे. फोरमनमामांची शिस्त आठवून सगळे आकडे वहीत लिहिले, पुढे लाल शाईने 'झेडएन', म्हणजे जस्त, लिहिलं. त्या लगडी गोळ्यांच्या कामाच्या नाहीत. गॅरेजचं दार वाऱ्याने आपटतं, ते अडवायला त्यातल्या दोन ठेवल्या आहेत, बाकीच्या सहा भंगारवाला शनिवारी घेऊन जाणार आहे.